माझ्या मापाचं दुसरं धनुष्य

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी, उजाडायच्या सुमारास, मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरून एकटीच निघाले. ठरलं होतं वेगळंच. वॉल्ट आणि डीन यांच्या ट्रकमधून आम्ही तिघं कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या (सांबराहून थोराड हरणाच्या) शिकारीला जाणार होतो, धनुष्यबाण घेऊन. पण मी माझं दुसरं धनुष्य घरी ठेवायला तयार होईना आणि डीन ते ट्रकमध्ये घ्यायला तयार होईना. तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे आणि मला ती चालवता येते.

आधी ओळख करून देते. मी शालिनी, मूळची नागपूरची, वय एक्कावन्न. शॉमबर्गच्या एका कंपनीत यंत्रांचे भाग बाहेर पडण्याआधी तपासणं हे माझं काम. मुलीला, इराला, तिरंदाजीच्या वर्गाला सोडायला जायचे. ती तीन महिन्यांत कंटाळली आणि मी मात्र तिथेच राहिले. शिकवणारे वॉल्ट सत्तरीचे, निवृत्त मेकॅनिक. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, पण मराठीत लिहिताना मला त्यांना अरेतुरे करवत नाही. डीन हा त्यांचा मेहुणा. त्याला करवतं.

निघायच्या आठवड्यात डीनचा फोन आला होता.

"ट्रकमध्ये माणशी एक धनुष्य," तो म्हणाला. "आपण दुकान थाटायला चाललो नाही आहोत."

"मग माझी सीट दुसऱ्या कशाला तरी वापर. मी माझ्या गाडीने येते."

"हजार मैल एकटी येणार? एका जादा धनुष्यापायी?"

"रस्ता सरळ आहे," मी म्हटलं.

माझा हट्ट त्याला बायकी वाटला असणार. म्हणून कारण सांगते. आमची धनुष्यं दोन्ही टोकांना चाकं असलेली असतात आणि प्रत्येक धनुष्य वापरणाऱ्याच्या हाताच्या लांबीवर आणि ताकदीवर बेतलेलं असतं. डीनचं धनुष्य मोडलं तर तो वॉल्ट यांचं उचलू शकतो, दोघांचे हात सारखे लांब. मी चार फूट अकरा इंच. त्यांचं धनुष्य मला अर्ध्यापर्यंतही ओढता येत नाही, आणि अर्धवट ओढलेल्या धनुष्यातून नेम धरता येत नाही. म्हणजे माझं मोडलं तर मला उसनं द्यायला त्या डोंगरात कोणीच नसतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या पहिल्या सहलीला, विस्कॉन्सिनमध्ये, माझा रिलीज (मनगटाला बांधून दोरी सोडायचा चाप) पहिल्याच सकाळी झुडपांत हरवला. माझ्या मनगटाला घट्ट बसेल असा दुसरा कोणाकडे नव्हता. उरलेले तीन दिवस मी छावणीत बसून पाच पुरुषांसाठी अंडी तळली. ते सगळे फार गोड बोलत होते. परत आल्यावर मी ठरवलं, पुन्हा कधीही कोणाची अंडी तळायला एवढ्या लांब जायचं नाही.

तेव्हापासून माझ्याबरोबर दोन धनुष्यं असतात, तीन रिलीज, बाणांचे दोन डबे, सुट्या दोऱ्या, षटकोनी किल्ल्यांचा जुडगा आणि चिकटपट्टी. निघताना मिलिंद, माझा नवरा, गॅरेजमध्ये उभा होता.

"शालू, एकच ने ना. कशाला वाकडं घेतेस त्यांच्याशी?"

"वाकडं त्यांनी घेतलंय."

त्याने दुसरी पेटी उचलून मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि ती घसरू नये म्हणून दोन उशा आणून लावल्या. इरा दारातून म्हणाली, "मॉम, टेक्स्ट मी एव्हरी स्टॉप." मी हो म्हटलं आणि निघाले.

आयोवा संपता संपत नाही. दोन्ही बाजूंना वाळत आलेला मका, मधूनच धान्याची उंच कोठारं आणि पुन्हा मका. नेब्रास्कामध्ये जमीन आणखी सपाट झाली आणि आभाळ मोठं झालं. संध्याकाळी एका छोट्या गावातल्या खानावळीत थांबले. मागवलेल्या सूपला मिठाशिवाय कसलीच चव नव्हती, म्हणून डब्यातला ठेचा काढून त्यात कालवला. वाढणारी बाई माझ्याच वयाची असावी. ती वाकून वाडगा बघत राहिली.

"कुठे निघालात?"

"कोलोरॅडोला. एल्कसाठी. धनुष्यबाण."

"नवरा पुढे गेलाय वाटतं?"

"नवरा घरी आहे. कपडे धुतोय."

ती हसली आणि समोरच्या खुर्चीवर टेकली. म्हणाली, "मी बाबांबरोबर जायचे. चौदाव्या वर्षापर्यंत. मग भाऊ मोठे झाले आणि माझं धनुष्य त्यांच्याकडे गेलं." हे तिने अगदी सहज सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी विचारलं, "पुन्हा मागितलं नाहीत?" तिने खांदे उडवले. "एकच होतं घरात." जाताना तिने 'ऍपल पाय'चा, सफरचंद भरलेल्या गोड पदार्थाचा, मोठा तुकडा कागदात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर लागले. शेवटचे चाळीस मैल कच्चा रस्ता. लाटा असलेल्या पत्र्यावरून गाडी चालवावी तसा. छावणीच्या अलीकडच्या गावात तिरंदाजीचं एक दुकान होतं. दुकानामागच्या मैदानात मी दोन्ही धनुष्यं तपासली. पहिल्याचं नेम धरायचं भिंग त्या रस्त्याने सैल झालं होतं आणि बाण वीतभर डावीकडे जात होते. ते घट्ट केलं. दुसरं बरोबर होतं, उशांची कृपा. दुकानदाराला सहज विचारलं, "माझ्या मापाचं काही असतं का तुमच्याकडे?" त्याने लहान मुलांचं एक लाल रंगाचं धनुष्य दाखवलं. "याने तुम्ही पुठ्ठा मारू शकाल," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

छावणी दहा हजार फुटांवर होती. ऍस्पेनच्या झाडांची पानं पिवळी पडत होती आणि जरा वारा आला की सगळा उतार सळसळायचा. विरळ हवेने पहिल्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं. वॉल्ट यांनी सारखं पाणी पाजलं. मी त्यांना भाकरी आणि ठेचा दिला. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी तो संपवला आणि उरलेला आपल्या डब्यात भरून घेतला.

संध्याकाळी मी बाण मारायच्या ठोकळ्यासमोर उभी राहिले. आधी पहिल्या धनुष्याने दहा बाण, मग दुसऱ्याने दहा. डीन खुर्चीत बसून बघत होता.

"दुसऱ्याचा सराव कशाला? ते तर नुसतं बरोबर आणलंयस ना?"

"नुसतं बरोबर आणलेलं काही कामाचं नसतं," मी म्हटलं. "हातात बसलेलं हवं."

"तू कामावर पण अशीच असतेस का?"

"कामावर मी याहून वाईट असते."

वॉल्ट हसले. डीनही थोडा हसला, पण मान हलवत.

पहिले दोन दिवस नुसतं चालणं झालं. नराची शीळ दूरच्या दरीतून यायची, बासरीवर कोणी फार उंच सूर लावावा तशी, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिथे फक्त पायाचे ठसे असायचे. तिसऱ्या सकाळी डीन वरच्या कड्याकडे गेला. वॉल्ट आणि मी ओहोळाकाठी एका उलथलेल्या झाडामागे बसलो. माझ्याकडे नर किंवा मादी, एकाचा परवाना होता. सूर्य झाडांत यायच्या आधीच तीन माद्या पाण्यावर आल्या. शेवटची माझ्यापासून पंचवीस यार्डांवर आडवी उभी राहिली. मी धनुष्य ओढलं, नेम धरला आणि बाण सोडला. सोडतानाच तिने एक पाऊल पुढे टाकलं.

बाण छातीत लागायचा तो मागे लागला. ती दचकली, उड्या मारत झाडीत गेली, मग सगळं शांत झालं. वॉल्ट यांनी उतारावरचं रक्त बोटाने उचललं. ते काळपट होतं.

"यकृत," ते हळू म्हणाले. "मरेल ती, पण लगेच नाही. आत्ता मागावर गेलो तर मैलभर पळेल आणि सापडणार नाही. पाच तास हात लावायचा नाही."

पाच तास. माझ्या चुकीने एक जीव झाडीत कुठेतरी वेदनेत पडणार आणि मी घड्याळ बघत बसणार. ती चूक वाऱ्यावर किंवा तिच्या त्या एका पावलावर ढकलता आली असती. मी ती ढकलली नाही. ती हलेल हे मला कळायला हवं होतं.

आम्ही छावणीकडे वळलो. वाटेत पडक्या झाडांचा मोठा पट्टा होता, खोडावर खोड पडलेलं. मी दुसऱ्याच विचारात होते. एका ओल्या खोडावर पाय सरकला आणि मी सात-आठ फूट खाली दगडांत आदळले. गुडघा फुटला, त्याचं काही नाही. धनुष्य माझ्याखाली आलं होतं. खालचं चाक वाकलं होतं आणि दोरी निसटून लोंबत होती. हे जंगलात दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

छावणीत पोहोचलो तेव्हा डीन परतला होता. वॉल्ट यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने पश्चिमेकडे बोट दाखवलं. ढग जमत होते.

"पाऊस आला की रक्त धुऊन जाईल. आत्ताच निघायला हवं. मी आणि वॉल्ट जातो, आणि जिवंत असली तर मी संपवतो. तू पाय बघ तुझा."

"परवाना माझ्या नावाचा आहे."

"इथे कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना बघायला."

तो वैतागला. मला वाटतं त्याला खरोखरच त्या जनावराची काळजी वाटत होती. त्याने आपलं धनुष्य माझ्यापुढे धरलं. "बरं, मग हे घे."

मी ते घेतलं आणि ओढून दाखवलं. दोरी वीतभर हलली आणि तिथेच थांबली. मी सगळा जोर लावून ती धरून ठेवली, त्याला नीट दिसेल इतका वेळ. मग हळू सोडून धनुष्य त्याच्या हातात परत दिलं.

"म्हणून मी दोन आणते," मी म्हटलं.

मी गाडीकडे गेले, पेटी उघडली, दुसरं धनुष्य काढलं आणि ठोकळ्यावर तीन बाण मारले. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत बसले. वॉल्ट म्हणाले, "पाच तास म्हणजे पाच तास. पाऊस आला तर आला." आणि ते चहाचं पाणी ठेवायला गेले. त्या दिवशी त्यांनी माझी बाजू घेतली असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्या जनावराची घेतली. माझी बाजू त्याच बाजूला होती.

गुडघ्यावर पट्टी बांधून मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. चहा गार झाला. मध्येच दहा मिनिटं बारीक गारा पडल्या आणि मी उठून पश्चिमेकडे बघत राहिले. मग वारा फिरला आणि ढग दक्षिणेकडे सरकले.

दुपारी आम्ही तिघंही निघालो. ओहोळाकाठचं रक्त बरंचसं गेलं होतं, पण झाडांखाली गारा पोहोचल्या नव्हत्या. वॉल्ट पुढे, गुडघ्यांवर बसत, पानं उलटत. डीन मागे राहून शेवटच्या डागापाशी उभा राहायचा, म्हणजे माग हरवला तर परत यायला खूण राहील. त्याचं हे काम मला मान्य करायला हवं, तो दोन तास खांबासारखा उभा राहात आला आणि एकदाही घाई केली नाही. दोनदा माग तुटला. दुसऱ्यांदा मीच तो पुन्हा धरला, एका गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला लागलेल्या थेंबावरून.

ती एका स्प्रूसच्या बुंध्याशी बसली होती. मान वर, कान आमच्याकडे. जिवंत होती.

वॉल्ट यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "वीस यार्डांत जा. उजवीकडून. पुढच्या पायामागे." मी बूट काढले आणि मोज्यांवर निघाले. गुडघा वाकत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती आणि उठत नव्हती, कदाचित उठू शकत नव्हती. मी मनात तिची माफी मागितली नाही. माफी मागून तिला काहीच मिळणार नव्हतं. तिला हवं ते एकच होतं, आणि ते नीट करणं माझ्या हातात होतं.

मी धनुष्य ओढलं. दोरी गालाला नेमक्या जागी टेकली. या वेळी बाण जिथे जायचा तिथे गेला. तिने मान खाली टाकली, एकदा पाय ताणले, आणि झालं.

मी तिच्याजवळ बसले. अंग गरम होतं आणि केसांना ओल्या मातीचा आणि कुरणाचा वास होता. मला रडू आलं नाही आणि आनंदही झाला नाही. खूप दमल्यासारखं झालं. वॉल्ट यांनी टोपी काढली आणि जरा वेळ लांब उभे राहिले.

मांस छावणीत आणायला सबंध संध्याकाळ लागली. सर्वांत जड दोन मांड्या डीनने पाठीवर नेल्या, एकामागून एक, चढावर, कुरकुर न करता. मी त्या दिवशी पाठीच्या कण्यालगतच्या मांसाचा सावजी रस्सा केला. मसाला नागपूरहून बहिणीने पाठवलेला. डीनने घाम पुसत तीनदा वाढून घेतलं. मग वाडगा खाली ठेवून म्हणाला,

"पुढच्या वर्षी ट्रकमध्ये तुझ्या दोन्ही पेट्यांना जागा करतो."

"नको," मी म्हटलं. "मी माझ्याच गाडीने येईन. पण तुझं धनुष्य मोडलं तर वॉल्ट यांचं माग. माझ्या पेटीला हात लावू नकोस."

वॉल्ट खो खो हसले. डीनने या वेळी मान हलवली नाही, तो नुसता हसला.

परतीच्या वाटेवर नेब्रास्कातल्या त्या खानावळीत थांबले. त्या बाईची सुट्टी होती. तिच्यासाठी मी छावणीत धुरावर सुकवलेल्या मांसाची एक पिशवी गल्ल्यावर ठेवली. नाव माहीत नव्हतं, म्हणून "चौदाव्या वर्षापर्यंत शिकारीला जाणाऱ्या बाईंना" असं सांगितलं. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ही कोण? मी म्हटलं, विचारा तुमच्याकडे, कळेल. हजार मैल गाडी चालवताना डोक्यात बरंच काही येतं. मी कोणाला शिकारीला चला म्हणणार नाही. ज्यांना ती नकोशी वाटते त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. पण जायचं ठरवलं तर पुऱ्या तयारीने जायचं, आणि तयारीला कोणी हसलं म्हणून ती अर्धी करायची नाही, एवढं माझ्यापुरतं पक्कं झालं.

पुढच्या रविवारी मिलिंद आणि मी नेहमीप्रमाणे वंदनेला गेलो. शिकागोच्या आसपास राहणारी आमची पंधरावीस बौद्ध कुटुंबं एक हॉल भाड्याने घेऊन जमतात. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. मंदाकाकू, अमरावतीच्या, निवृत्त नर्स, सगळ्यांत मोठ्या, सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"दोन दोन धनुष्यं नेतेस म्हणे. कशाला गं लागतात एवढी, एक जीव घ्यायला?"

"एकाने चूक झाली तर ती निस्तरता यावी म्हणून, काकू. या वेळी झाली."

"मुळात जाऊच नये."

"तुमच्याकडचा मटणाचा रस्सा मी बोटं चाटून खाते. तो बोकड कोणीतरी कापलेला असतो. वर्षातून एकदा मी त्या माणसाच्या जागी उभी राहते, इतकंच."

"इतकंच नाही ते."

"नाही," मी म्हटलं. "इतकंच नाही. पण मी जाणार."

"मला पटत नाही," काकू म्हणाल्या. मग थोड्या सरकल्या आणि शेजारची सतरंजी हाताने झटकली. दुखरा गुडघा लांब करून मी बसले. वंदना सुरू झाली. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील आलं, तेव्हा काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोन ओळी पलीकडून आणखी कोणीतरी बघितलं. मी ते सगळ्यांबरोबर म्हटलं, आणि आवाज खाली आणला नाही.